सेकंदाचा दहावा भाग

घड्याळातली बहुतेक यंत्रं मालकाला विचारून चालत नाहीत. तारीख मध्यरात्री आपोआप बदलते, चंद्रकलेची चकती रोज थोडी सरकते. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, मात्र थांबून असतो. दोनच्या आकड्याजवळचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि चारजवळचं बटण दाबलं की सटकन शून्यावर येतो. ऐन क्षणी काय करायचं ते यंत्राला माणूस सांगतो आणि यंत्र तिथल्या तिथे करून दाखवतं. वेळ मोजायला खिशातला फोन पुरेसा आहे, अचूकही आहे. तरी लाखो रुपये मोजून नवा यांत्रिक क्रोनोग्राफ घेणारे लोक जगभर आहेत. त्यांचं वेड समजून घ्यायचं तर झेनिथ कंपनीच्या ‘एल प्रिमेरो’ या यंत्राकडे पाहावं, असं मला वाटतं. किमतीने याहून भारी यंत्रं पुष्कळ आहेत. पण या यंत्राने पन्नास वर्षं पोटात बाळगलेली गोष्ट आता कुठे तबकडीवर धडपणे दिसू लागली आहे.

क्रोनोग्राफची हकिगत दोनशे वर्षांहून जुनी. १८१६ मध्ये लुई म्वाने याने ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारं घड्याळ केलं. १८२१ मध्ये पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर निकोला रियुसेकने घोड्यांच्या शर्यती मोजल्या. त्याचं यंत्र फिरत्या चकतीवर शाईचा ठिपका सोडत असे. पण दोन्हींपेक्षा महत्त्वाची गोष्ट १८४४ ची. अडॉल्फ निकोल याने काटा एका दाबात शून्यावर आणण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं आणि ती युक्ती आजही जवळजवळ प्रत्येक यांत्रिक क्रोनोग्राफमध्ये आहे.

ती जवळून बघण्यासारखी आहे. काट्याच्या आसावर बदामाच्या आकाराची एक छोटी चकती घट्ट बसवलेली असते. बटण दाबलं की एक पोलादी हातोडी तिच्या कडेवर येऊन आदळते. काटा त्या वेळी सात सेकंदांवर असो की एक्कावन्नवर, हातोडीच्या दाबाखाली चकती जवळच्या उतारावरून घसरते आणि बदामाच्या खोलगट भागाशी येऊन थांबते. वाटीत गोटी कुठूनही सोडली तरी ती तळाशीच जाते, तसंच हे. गणित नाही, वीज नाही, फक्त आकार. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, आणि काट्याने शून्याच्या रेघेवर थरथर न करता ठाम उभं राहावं यासाठी उंची घड्याळांत कारागीर ती हातोडी हाताने घासून जुळवतो.

बटणांच्या या हुकमांची वाटणी करणारा मुकादम म्हणजे कॉलम व्हील. खाली करवतीसारखे दात आणि वर उभे खांब, असं हे चाक. सुरू-बंद करणाऱ्या बटणाच्या प्रत्येक दाबाला ते एक दात पुढे सरकतं. तरफेचं टोक खांबावर चढलं की एक काम, दोन खांबांमधल्या फटीत उतरलं की दुसरं. हे चाक करायला महाग. म्हणून १९७० च्या दशकात आलेल्या व्हॅलजू ७७५० सारख्या यंत्रांनी त्याच्या जागी साधा कॅम, म्हणजे खाचांची सपाट चकती, घातली. ७७५० दणकट आहे, आणि कितीतरी नामांकित घड्याळांच्या पोटात तेच असतं. फरक बोटाला कळतो. कॅमचं बटण रेटावं लागतं, कॉलम व्हीलचं बटण हलक्या दाबाला ‘टक्’ करून मान्य होतं. संग्राहक दुकानात गेला की आधी बटण दाबून बघतो ते यासाठी.

आता एल प्रिमेरोचं गाव, ल लोकल. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरात, फ्रान्सच्या सीमेजवळचं हे गाव. घरं ओळीने बांधलेली आणि खिडक्या मोठ्या, कारण बारीक कामाला उजेड लागतो. शेजारच्या ला शो-द-फाँसह या गावाला २००९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. इथे १८६५ मध्ये बावीस वर्षांच्या जॉर्ज फाव्र-जाकोने कारखाना काढला आणि घराघरांत विखुरलेले कारागीर एका छपराखाली आणले. पुढे तोच कारखाना झेनिथ झाला. आपल्याकडच्या वाचकाला याच गावाचा आणखी एक धागा ओळखीचा वाटेल. आजोबांच्या मनगटावर जे फेव्हर-ल्यूबा असायचं, त्या घराण्याचं मूळही ल लोकलचंच, १७३७ चं, आणि झेनिथची पायाभरणी होत होती त्याच सुमारास फेव्हर-ल्यूबा मुंबईत पाय रोवत होती.

झेनिथला आपल्या शताब्दीपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत, स्वतःहून चावी भरून घेणारा क्रोनोग्राफ हवा होता. वेळ लागला. १० जानेवारी १९६९ रोजी एल प्रिमेरो जाहीर झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्राइटलिंग, हॉयर, ब्यूरेन आणि त्यांच्या साथीदारांनी आपलं कॅलिबर ११ आणलं, आणि जपानमध्ये सेकोचं ६१३९ बाजारात आलं. पहिलं कोण, हा वाद आजही रंगतो. मला त्यात फारसा रस नाही. एल प्रिमेरोचं वेगळेपण दुसरीकडे आहे, त्याच्या ठोक्यांत.

त्या काळात घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलून वेळ राखणारं चाक, बहुधा तासाला १८,००० किंवा २१,६०० ठोके द्यायचं. १८,००० म्हणजे सेकंदाला पाच, म्हणून असा क्रोनोग्राफ सेकंदाचा पाचवा भागच मोजू शकतो. पुढे रूढ झालेल्या २८,८०० ठोक्यांत आठवा भाग येतो. दहावा भाग हवा तर सेकंदाला दहा, म्हणजे तासाला ३६,००० ठोके लागतात. एल प्रिमेरोने ते दिले. वेग वाढला की झीज वाढते, शक्ती जास्त खर्च होते आणि तेल जागेवर टिकत नाही. म्हणून भरधाव भागांसाठी कोरडं वंगण वापरावं लागलं. एवढं करूनही यंत्राची जाडी साडेसहा मिलिमीटर आणि चावी पुरायची जवळपास पन्नास तास. त्याच वर्षीच्या नाताळात सेकोने क्वार्ट्झ घड्याळ विकायला काढलं, आणि या सगळ्या मेहनतीचा भाव एकदम उतरला.

पुढची घटना घड्याळप्रेमींना पाठ असते, तरी ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. झेनिथ तोवर शिकागोच्या झेनिथ रेडिओ कंपनीच्या मालकीची झाली होती. १९७५ मध्ये तिथून हुकूम आला, यांत्रिक घड्याळं बंद करा, क्वार्ट्झ करा, जुनी यंत्रसामग्री मोडीत काढा. शार्ल व्हेर्मो या कारागिराने व्यवस्थापनाला पत्र लिहून विनवलं. उपयोग झाला नाही. मग त्याने प्रेस, साचे, कटर, आराखडे एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेले, भिंतीआड दडवले आणि कशाचा उपयोग कुठे हे वहीत नोंदवून ठेवलं. घड्याळ धंद्यातल्या स्विस नोकऱ्या १९७० च्या सुमाराच्या ९०,००० वरून पंधरा वर्षांत ३०,००० च्या आसपास आल्या, त्या काळात हे धाडस होतं. व्हेर्मोला यातून काही मिळणार नव्हतं. पकडला गेला असता तर होती ती नोकरी गेली असती.

१९७८ मध्ये कंपनी पुन्हा स्विस हातात आली. क्रोनोग्राफला मागणी येऊ लागली तेव्हा माळ्यावरचं सामान खाली उतरलं आणि १९८४ मध्ये उत्पादन परत सुरू झालं. नवे साचे करायचे म्हटले असते तर तो खर्च त्या स्थितीतल्या कंपनीला झेपला नसता. १९८८ मध्ये रोलेक्सने आपल्या डेटोना या क्रोनोग्राफसाठी हेच यंत्र घेतलं, बरेच भाग बदलले आणि वेग २८,८०० वर उतरवला. २००० मध्ये स्वतःचं यंत्र येईपर्यंत बारा वर्षं डेटोना त्यावर चालला.

एवढ्या कौतुकाचं हे यंत्र, पण त्यात एक उणीव राहिली होती. काटा मिनिटाला एक फेरी घेणारा, त्यामुळे एका फेरीत ६०० पावलं, आणि एक पाऊल जेमतेम ०.६ अंशाचं. काटा पंधरा मिलिमीटर लांब धरला तर टोकाची हालचाल दीड दशांश मिलिमीटर. सेकंदाचा दहावा भाग यंत्र मोजत होतं, पण तो डोळ्याला पकडता येत नव्हता. २०१० मध्ये झेनिथने काटा दहा सेकंदांत फेरी घेईल असं मर्यादित संख्येचं घड्याळ काढलं. २०२१ मध्ये कॅलिबर ३६०० हे यंत्र घेऊन क्रोनोमास्टर स्पोर्ट आलं आणि त्यात तीच किमया होती. आता एका फेरीत शंभर पावलं, प्रत्येक ३.६ अंशाचं, टोकाला जवळजवळ एक मिलिमीटर. थांबवलेल्या काट्यासमोर दशांश सरळ वाचता येतो. शिवाय साठ तासांची चावी आणि एकेक ठोका सोडणारं एस्केपमेंट सिलिकॉनचं. जिनिव्हाच्या घड्याळांच्या ग्रां प्री स्पर्धेत त्या वर्षीचा क्रोनोग्राफ पुरस्कार याला मिळाला. किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास होती.

बटण दाबल्यावर तो काटा ज्या आवेगाने निघतो, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. नेहमीचा सेकंद काटा चालतो, हा झेपावतो. मागची काच पारदर्शक आहे. चावी भरणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या रोटरखाली, क्रोनोग्राफला चालत्या यंत्राशी जोडणारं क्लचचं चाक आडवं सरकून दुसऱ्याच्या दातांत दात घालताना दिसतं. काही यंत्रांत असतो तो उभा क्लच व्यवहारात बरा, कारण त्यात सुरुवातीला काटा बिचकत नाही. पण तो एकावर एक थर असल्याने काही दिसू देत नाही. संग्राहक आडव्या क्लचची ती किंचित उणीव आनंदाने पत्करतो, कारण त्याला हुकूम कुठून कुठे जातो ते बघायचं असतं.

क्रोनोमास्टर स्पोर्टवर एक टीका सतत होते. काळं सिरॅमिक कडं, पोलादी पट्टा, एकूण रूप डेटोनासारखं. टीका अगदीच चूक नाही. पण काळ्या कड्याचं डी लुका नावाचं घड्याळ झेनिथने ऐंशीच्या दशकातच केलं होतं. तारखेची खिडकी साडेचारच्या जागी आहे, ती मात्र मला खटकते. तिथे दोन छोट्या तबकड्या एकमेकींना भिडतात आणि मधेच चौकट येते.

नवंच का घ्यावं, जुनं का नाही? अभिनेता पॉल न्यूमनचा स्वतःचा डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेला, तेव्हा जुन्या क्रोनोग्राफचा बाजार आणखी तापला. एल प्रिमेरो असलेला १९६९ चा झेनिथ ए३८६ घ्यायचा तर तबकडी मूळची का, काटे बदललेत का, केस किती वेळा पॉलिश झाली, हे सगळं तपासावं लागतं. आणि एवढं करून हाती आलेल्या घड्याळाचं बटण दाबायला मन धजत नाही. नव्याचं बटण दिवसातून पन्नास वेळा दाबा.

माझी पसंती मात्र स्पोर्टला नाही, त्याच वर्षी आलेल्या ३८ मिलिमीटरच्या क्रोनोमास्टर ओरिजिनलला आहे. यंत्र तेच, रूप ए३८६ चं, फिकट राखाडी, गडद राखाडी आणि निळी अशा तीन छोट्या तबकड्यांचं. शिवाय दशांशाची मोजपट्टी कड्यावर नसून काचेखाली, काट्याच्या टोकाला लागून आहे. स्पोर्टमध्ये काटा आत आणि आकडे बाहेरच्या कड्यावर, त्यामुळे घड्याळ जरा तिरकं धरलं की वाचनात एखाद्या दशांशाची गफलत होते. पन्नास वर्षांनी दिसू लागलेला दशांश वाचायचाच असेल, तर तो नीट वाचता यायला हवा.