मानेवरची गाठ : भीतीपूर्वी निदान

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते; दाढ ठणकू लागली की जबड्याखाली गाठ हाताला लागते. शरीरात अशा सुमारे ६०० लसीका ग्रंथी असून संसर्गाशी झुंजताना त्या सुजतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. क्वचित मात्र हीच सूज कर्करोगाची खूण असते. हा भेद डॉक्टर कसा ओळखतात?

आरंभ स्पर्शाने होतो. मऊ, दुखरी, बोटाखाली सरकणारी गाठ बहुधा संसर्गाची. कठीण, न दुखणारी, जागीच खिळलेली गाठ शंकास्पद. कॉलरबोनच्या वरची गाठ विशेष गांभीर्याने घेतली जाते. डाव्या बाजूच्या अशा गाठीचा पोटातील कर्करोगाशी असलेला संबंध जर्मन वैद्यक रुडॉल्फ विरशो यांनी १८४८ मध्ये नोंदविला.

ताप, रात्रीचा घाम, घटलेले वजन यांचीही विचारणा होते. चातुर्मासात दीर्घ उपवास झाले असल्यास ते आवर्जून सांगावे; नाहीतर रोगाने उतरलेले वजन तपाच्या खाती जमा होते.

रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी यांनी संशय दृढ होतो किंवा मावळतो. निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. एफएनएसी या तपासणीत बारीक सुईने गाठीतील पेशी काढतात. लिम्फोमाची शंका असल्यास तेवढ्याने भागत नाही. ग्रंथीची अंतर्रचना पाहण्यासाठी शक्यतो संपूर्ण गाठ काढून बायोप्सी करावी लागते.

आपल्याकडे क्षयरोगानेही अशाच गाठी येतात आणि पेट स्कॅनमध्ये त्याही कर्करोगासारख्या उजळतात. म्हणून त्याच नमुन्याची क्षयासाठीही तपासणी होते. केवळ अंदाजाने क्षयाची औषधे घेतल्यास महिने वाया जाऊ शकतात. स्टेरॉइडने तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती आक्रसून निदानच झाकोळते.

‘सुई लावली की रोग पसरतो’ या समजापायी अनेक कुटुंबे तपासणी टाळतात. तसा धोका अत्यंत विरळ आहे. विलंबाचा धोका मात्र खरा आहे.

एकाच बाजूने पाहून वस्तूचे पूर्ण ज्ञान होत नाही, ही अनेकांताची शिकवण येथेही लागू पडते. स्पर्श, रक्त, प्रतिमा आणि पेशी या साऱ्यांची साक्ष जुळल्यावरच निदान पक्के होते. चार आठवड्यांत न ओसरलेली किंवा वाढत जाणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी. कॉलरबोनवरच्या गाठीसाठी तेवढेही थांबू नये.