खोलून पाहू – ६ : भंगारातला कान

मागच्या अंकातल्या पेनड्राइव्ह-स्पीकरच्या पोटातून निघालेली एक वस्तू बाजूला ठेवली होती. आज ती टेबलावर आहे. चौकोनी, जेमतेम ११ मिलिमीटरची. दोन कडांना पाच-पाच अर्धगोल खाचा, मधे काळी आयसी आणि शेजारी चिमुकला क्रिस्टल. अमरावतीच्या इतवाऱ्यात काय किंवा अकोल्यात काय, जुन्या सामानात हात घातला की असलं काहीबाही लागतंच. मग प्रश्न ठरलेला : "काय होय बाप्पा हे?"

उत्तर आधी डोळ्यांनी शोधायचं, वीज नंतर. फेराइट रॉड आणि पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या डोक्यांच्या पत्र्याच्या डब्या, म्हणजे आयएफटी, दिसल्या तर तो मीडियम वेव्हचा माल. आजोबांचा रेडिओ ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर लावायचा त्या जातीचा. चार पिना, तारेची एक कॉइल आणि क्रिस्टलचा पत्ता नाही? मग ते बहुधा ४३३ मेगाहर्ट्झचं, बिनतारी डोअरबेलमधलं. त्यावर गाणी लागायची नाहीत, कितीही खटपट करा.

आपल्या मॉड्यूलवर संशयित दोन : टीईए५७६७ आणि आरडीए५८०७एम. दोन्ही एफएमचे, दिसायला जुळे, आयसीवरचा छापा बहुतेक वेळा पुसलेला. फरक आहे तो पचनशक्तीत. पहिल्याला ५ व्होल्ट चालतात, दुसऱ्याला ३.६ च्या वर सोसत नाही. तरी मोबाइल चार्जरची वायर कापून थेट जोडणारे वीर आहेतच! दोन पेन्सिल सेल घ्यावेत. ३ व्होल्ट दोघांनाही चालतात.

वीज मिळाली तरी मॉड्यूल गप्पच राहतं. कोणतं स्टेशन लावायचं हे त्याला दोन तारांवरून सांगावं लागतं. ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ बोर्ड जोडून त्या तारांवर कोण 'ओ' देतं ते पाहावं. इथे जुळे ओळखू येतात. टीईए फक्त ६० या हेक्स पत्त्यावर ओ देतो. आरडीए १० आणि ११ वर देतो, शिवाय ६० वरही, कारण टीईएची नक्कल करायची सोय त्यात ठेवलेली आहे. नुसता ६० बघून निकाल देणारा फसतो.

राहिली अँटेना. ७३ सेंटिमीटर तार, एफएमच्या लहरीचा साधारण पाव भाग. अकोल्यात आकाशवाणीचं १०२.४ लावलं की काम झालं. अमरावतीत मात्र तिथे खरखर आली म्हणून मॉड्यूल भंगारात टाकू नये. मधे शंभरेक किलोमीटर आहेत. घरच्या चालू रेडिओवर जे स्टेशन स्वच्छ लागतं, तेच इथे लावावं. मग मॉड्यूलकडून सिग्नलचा आकडा वाचून घ्यावा आणि तार काढून पुन्हा वाचावा. आकडा धपकन खाली आला तर हा कान शाबूत आहे. आवाज येत नसेल तर दोष पुढे, इअरफोनच्या सॉकेटपाशी शोधायचा.