डबलडेकरचा कंडक्टर, सापाचं हृदय आणि मुलुंडला आलेला पुण्याचा ठोका

अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झला जाणारी ४१५ नंबरची बस. 'बेस्ट'च्या जुन्या दुमजली गाड्यांपैकी शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी याच मार्गावर धावली. मुंबईने १९३७ पासून पाहिलेला तो जिना त्या दिवशी थांबला. पण असाच एक जिना हृदयविकाराचं मोठं कोडं सोडवून गेलाय, तो लंडनच्या डबलडेकरमधला.

जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. ड्रायव्हर आणि कंडक्टर राहायचे सारख्याच वस्तीत, गाडी एकच, धूर एकच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावर. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, उशिरा होत होता आणि झालाच तर कमी जीवघेणा ठरत होता. चालण्या-चढण्याचा हृदयाशी संबंध आहे हे आज शाळकरी पोरही सांगेल. तेव्हा मात्र ते कुणी आकड्यांत दाखवलं नव्हतं. मॉरिस स्वतः म्हातारपणीही पोहत, चालत राहिले आणि २००९ मध्ये वयाच्या ९९व्या वर्षी गेले.

घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रो पकडणाऱ्यांना हा जिना रोज फुकटात मिळतो. सरकत्या जिन्याची रांग बघून साध्या जिन्याकडे वळणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये एक सोपी कसोटी मांडली होती: चार मजले, म्हणजे साधारण ६० पायऱ्या, न थांबता एका मिनिटाच्या आत चढता आल्या तर हृदयाची तब्येत चांगली. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा ऑपरेशन झालं असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका.

५३ आणि ५९

हृदयविकार हा साठीनंतरचा आजार, असं आपल्या इमारतींमध्ये अजून बोललं जातं. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या प्रचंड अभ्यासाने ते खोटं ठरवलं. त्यातल्या दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती वेगळी काढून तपासणाऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. २००७ मध्ये आलेल्या या निबंधात आपल्याकडे पहिल्या झटक्याचं सरासरी वय निघालं ५३, बाकीच्या जगात जवळजवळ ५९. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे कुणाच्या तरी मुलीचं लग्न, कुणाच्या तरी फ्लॅटच्या हप्त्यांची शेवटची वर्षं.

कारण काही गूढ नाही. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, कमी फळं-भाज्या, कमी हालचाल इत्यादी नऊ कारणं मिळून जगभरातल्या ९० टक्क्यांहून अधिक झटक्यांचा हिशेब लागतो, असं 'इंटरहार्ट'ने दाखवलं. आपल्याकडेही कारणं हीच. फक्त ती लवकर वयात गोळा होतात.

तंबाखूबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. 'मी सिगरेट कुठे ओढतो, नुसती चुना-तंबाखू' हे समाधान खोटं आहे. त्याच अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. मशेरी लावणाऱ्या आजीलाही हे प्रेमाने सांगा.

दोन डॉक्टर, एक वजन, दोन शरीरं

हा किस्सा माझा सगळ्यात आवडता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे मित्र. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि जगभरच्या वर्गांत दाखवले गेले. भारतीय माणूस वजनकाट्यावर बारीक असला तरी आतून चरबीदार असू शकतो, हे सांगायला याहून सोपं चित्र सापडायचं नाही.

म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. आपल्यासाठी मर्यादा अशी: पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर, बायकांचा ८० सेंटिमीटर. टेप बेंबीच्या आसपास लावायची आणि श्वास आत ओढून धरायचा नाही.

ट्रॅफिक आणि पेनल्टी

जर्मनीतल्या एका अभ्यासात (२००४) असं दिसलं की वाहतुकीत अडकल्यानंतरच्या तासाभरात हार्ट अटॅकची शक्यता जवळजवळ तिप्पट होते. गाडी, बस, सायकल, वाहन कुठलंही असो. धूर, आवाज, ताण यातलं नेमकं कोण किती गुन्हेगार हे वेगळं काढणं कठीण. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर किंवा एलबीएस मार्गावर रोज दोन तास घालवणाऱ्यांनी बीपीच्या गोळ्या चुकवू नयेत, एवढं तरी यातून घ्यावं.

जर्मनीचाच दुसरा आकडा: २००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीची मॅच असायची त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या केसेस २.६६ पट झाल्या. आपल्याकडे क्रिकेटची फायनल असेल तेव्हा आधीच त्रास असलेल्या काकांच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं.

झटके सकाळी जास्त येतात, साधारण सहा ते दुपारी बारा. उठल्यावर रक्तदाब चढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. नेमकी हीच वेळ ८:०४ची फास्ट पकडण्यासाठी धावण्याची. दहा मिनिटं आधी निघा.

परळमधला साप

उपनगरातून थोडं दक्षिणेला, परळच्या केईएममध्ये. तिथले डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांना प्रश्न पडला: सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त थेट आतल्या कप्प्यातून झिरपून मिळतं, मग माणसाच्या हृदयाला अशा वाटा करून दिल्या तर? १९६५ मध्ये त्यांनी हृदयाच्या स्नायूला सुईने बारीक छिद्रं पाडण्याच्या पद्धतीवर निबंध लिहिला. पुढे सुईच्या जागी लेझर आला तो याच कल्पनेच्या वाटेवर. साधनांची टंचाई असलेल्या मुंबईतल्या पालिका रुग्णालयात बसून एक सर्जन सापाकडून शिकत होता, हे आपल्या शहराला पुरेसं माहीत नाही याचं वाईट वाटतं.

याच सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदय-प्रत्यारोपण केलं. केपटाऊनच्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते! जगातलं हे सहावं प्रत्यारोपण आणि ते करणारे सेन जगातले चौथे सर्जन. रुग्ण काही तासच जगला. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून द्यायची चांगली औषधं नव्हती, मेंदूमृत्यूचा कायदाही नव्हता. तो १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं.

मुंबईची पाळी पुन्हा यायला २०१५चा ऑगस्ट उजाडला. मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने एका तरुणाला नवं हृदय बसवलं. हृदय आलं होतं पुण्याहून, आधी विमानाने आणि मग पोलिसांनी मोकळ्या करून दिलेल्या ग्रीन कॉरिडॉरमधून. काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तास टिकतं, म्हणून सिग्नलवरचं एकेक मिनिट महाग. त्या दिवशी गाड्या थांबवून उभे राहिलेले सगळे मुंबईकर त्या शस्त्रक्रियेत सहभागी होते असं मी मानतो.

एक गंमत: बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. त्यामुळे ते आरामातही जलद चालतं, मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके, आणि जिना चढताना वेग वाढवायला थोडा वेळ घेतं.

सुरुवातीला आलेल्या अंधेरीचा उल्लेख हृदयशल्यविशारद डॉ. नितू मांडके यांच्याशिवाय पुरा होत नाही. चार बंगल्याजवळ एक भलंमोठं हृदय-रुग्णालय उभारायचं त्यांचं स्वप्न होतं. २००३ मध्ये ते स्वतः हृदयविकाराच्या झटक्याने गेले. पुढे अंबानी कुटुंबाने तो प्रकल्प हाती घेतला आणि २००९ मध्ये तिथे कोकिलाबेन रुग्णालय सुरू झालं. हजारो छात्या उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसालाही हा आजार सोडत नाही. डॉक्टरमंडळींनी स्वतःच्या तपासण्या कराव्यात.

स्वयंपाकघरातला फुगा

अँजिओप्लास्टीचा फुगा कुठे तयार झाला? झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंटझिग यांच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी तो पहिल्यांदा जाग्या माणसाच्या हृदयधमनीत फुगवला.

त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

अँजिओप्लास्टीत धमनीत बसवतात त्या जाळीच्या, म्हणजे स्टेंटच्या, किमतीबद्दलही सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने त्यावर कमाल मर्यादा घातली: औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये, कर वेगळा. मर्यादा नंतर थोड्याफार बदलत राहिल्या, पण बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

टाके निघाल्यावर

लोकांना शस्त्रक्रियेचं भय वाटतं. मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या तीन महिन्यांची. बायपासमध्ये छातीच्या आतली मॅमरी धमनी वापरतात. ही मोठी गुणी: तिच्यात चरबीचे थर सहसा साचत नाहीत, दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांमध्ये ती मोकळी असते. पायातून काढलेल्या शिरा एवढ्या टिकत नाहीत, म्हणूनच तंबाखू आणि कोलेस्टेरॉल आधीपेक्षा जास्त सांभाळायचे. पुन्हा बायपास करावी लागली तरी आशा सोडू नये. पंतप्रधान मनमोहन सिंग यांची दुसरी बायपास जानेवारी २००९ मध्ये झाली, ती करणारे डॉ. रमाकांत पांडा आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एशियन हार्टचे. त्यानंतर सिंग यांनी आणखी पाच वर्षं देश चालवला.

छातीचं हाड पोलादी तारांनी बांधतात आणि त्या तारा आयुष्यभर आतच राहतात. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे, पूर्ण घट्ट व्हायला तीनेक महिने. तोवर पिठाचा डबा उचलायचा नाही, दार जोरात ओढायचं नाही, नातवाला कडेवर घ्यायचं नाही. खोकला किंवा शिंक आली की उशी छातीशी घट्ट धरायची. यासाठी कित्येक रुग्णालयं हृदयाच्या आकाराची उशीच देतात.

तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र घरी येतं ना? निम्मे लोक त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. चेंडू वर गेले की फुप्फुसं उघडली.

आणि मन. झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं. बायपासनंतर उगाच रडू येणं, झोप उडणं, विसरायला होणं, जेवणाची चव जाणं हे नेहमीचंच आहे. 'एवढा खर्च केला आणि आता तोंड पाडून बसलेत' असं घरच्यांनी म्हणू नये. डॉक्टरांना सांगावं, उपचार आहेत.

देखरेखीखालच्या व्यायामाला, म्हणजे कार्डिअॅक रिहॅबला, आपल्याकडे फार कमी रुग्ण जातात. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा सांगतो की त्याने हृदयविकाराने येणारे मृत्यू साधारण पाव टक्क्याने नव्हे, पाव हिश्श्याने कमी होतात. योगाचं काय? भारतातल्या २४ रुग्णालयांत जवळपास चार हजार रुग्णांवर झालेल्या 'योग-केअर' चाचणीत पुन्हा झटका येण्यात ठोस घट सिद्ध झाली नाही, पण रुग्णांना बरं वाटलं आणि ते पूर्वीच्या कामांकडे चांगले परतले. गोळ्या चालू ठेवून केलेला योग, हा माझ्या मते त्यातला खरा धडा.

रक्त पातळ करणारी गोळी स्टेंटनंतर मनाने थांबवायची नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

आणि आत्ता, हे वाचून झाल्यावर

छातीवर दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम. बायकांमध्ये कधी नुसती मळमळ, धाप आणि कमालीचा थकवा. याला 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा, रुग्णाला चालवू नका. कुणी कोसळलं आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास, अँजिओप्लास्टी आणि झडपेच्या शस्त्रक्रिया बसतात. अंगीकृत रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राचं टेबल शोधा. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत घालून, ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आज रात्रीच सांगून ठेवा.