जुन्नर : घाटमाथ्यालगतचे प्राचीन गाव

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, कुकडी नदीच्या खोऱ्यात जुन्नर वसले आहे. कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून देशावर येई, तो जुन्नरच्याच वाटेने. सातवाहन राणी नागणिकेचा शिलालेख नाणेघाटातील लेण्यात आहे. त्यात यज्ञांची दक्षिणा नोंदवताना अंक कोरले आहेत, आणि भारतीय अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत त्यांना मानाचे स्थान आहे. व्यापाऱ्यांच्या दानातून परिसरात दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा हे त्यांचे मुख्य गट. लेण्याद्रीच्या एका लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज विराजमान आहे. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नरच. 1630 मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. महाराष्ट्रात याहून मोठा मान दुसऱ्या कोणत्या किल्ल्याला असेल?

शेतीत तालुक्याचे दोन चेहरे दिसतात. पश्चिमेच्या डोंगराळ, अतिपावसाच्या आदिवासी पट्ट्यात भातखाचरे आणि हिरड्याची झाडे. पूर्वेला माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्यावर ऊस, कांदा, द्राक्षे आणि टोमॅटो. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यभर प्रसिद्ध आहे, आणि तमाशाचे माहेरघर म्हणूनही हे गाव ओळखले जाते. उसाच्या फडांत बिबट्याने आसरा घेतल्याने माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे राहिले. नारायणगावजवळच खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. ओझरचा विघ्नेश्वरही याच तालुक्यातला.