थकव्याचा निरोप्या

दसरा उलटला की पाथर्डी-शेवगावच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीला कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हा हिशेब. साखर कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात आणि पहाटे तीन-साडेतीनला चुलीवर कोरा चहा उकळू लागतो. दोन घोट घेतले की फडात उतरायचं. चहानं तरतरी येते, असं आपण सहज म्हणतो. पण चमचाभर साखर सोडली तर त्या कपात ताकद देणारं असतं काय? उत्तर अ‍ॅडेनोसिन नावाच्या इवल्या रेणूपाशी आहे.

पेशीत ऊर्जेचा व्यवहार चालतो तो एटीपीवर. अ‍ॅडेनोसिनला फॉस्फेटचे तीन मणी ओवले की एटीपी होतो. मणी तुटला की ऊर्जा सुटते. तिच्यावर कोयता चालतो, मोळी उचलली जाते, हृदय आकसतं. अंगात एका वेळी एटीपी असतो फार तर शंभरेक ग्रॅम. तोच मोडून-घडवून माणूस दिवसाकाठी जवळपास स्वतःच्या वजनाइतका वापरतो. खर्च फार झाला की तिन्ही मणी गळतात आणि नुसतं अ‍ॅडेनोसिन उरतं, चुलीत राख उरावी तसं.

ही राख मात्र बोलते. पेशीबाहेर पडून ती शेजारच्या पेशींच्या, निरोप घेणाऱ्या रिसेप्टरवर जाऊन बसते. ए1, ए2ए, ए2बी आणि ए3 अशा या रिसेप्टरांच्या चार जाती. हृदयाच्या ए1वर बसली तर निरोप मिळतो, ‘जरा दमानं’. रक्तवाहिनीच्या ए2एवर बसली तर, ‘रुंद हो, रक्त येऊ दे’.

1929 हे या कथेतलं मोठं वर्ष. हार्वर्डमध्ये भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्यासोबत, तर जर्मनीत कार्ल लोहमान यांनी स्वतंत्रपणे एटीपी शोधला. त्याच वर्षी केंब्रिजच्या अ‍ॅलन ड्रुरी आणि आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी दाखवून दिलं, की अ‍ॅडेनोसिन टोचलं की प्राण्याचं हृदय मंदावतं आणि रक्तदाब उतरतो.

आठ वर्षांनी त्याच केंब्रिजमध्ये एक मराठी मुलगी दाखल झाली. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. बाई म्हणून बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलेली, हट्टानं आत शिरलेली. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं, हे त्यांनी दाखवलं. श्वसनातून एटीपी घडवण्याच्या साखळीतला हा महत्त्वाचा दुवा. 1939 साली पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा चाळीस पानांचा. उसाचं पान काय, उसतोड्याचा दंड काय, ऊर्जेची भट्टी एकाच जातीची आहे, हे अशा संशोधनातून उमगत गेलं.

आज अ‍ॅडेनोसिन दवाखान्यात औषध म्हणून येतं. काही रुग्णांचं हृदय अचानक मिनिटाला दीडशे-दोनशे ठोक्यांनी धावू लागतं. डॉक्टर शिरेतून 6 मिलिग्रॅम अ‍ॅडेनोसिन झटक्यात देतात, पाठोपाठ सलाइन ढकलतात. ईसीजीची रेघ काही सेकंद सपाट होते. रुग्णाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, नातेवाइकांचा श्वास अडकतो. आणि मग ठोके ओळीनं पडू लागतात. रक्तात हे औषध दहा सेकंदांतच अर्धं होतं, म्हणून घाई. दम्याच्या रुग्णाला ते जपूनच द्यावं लागतं.

मेंदूतही हीच राख जागेपणी साचत जाते आणि झोपेचा निरोप देते. 1997 साली मांजरांना जागं ठेवून केलेल्या प्रयोगात ही वाढ मोजली गेली. चहातलं कॅफिन आकारानं अ‍ॅडेनोसिनसारखं. त्याच रिसेप्टरवर ते जागा अडवून बसतं. निरोप्या दाराबाहेर ताटकळतो, थकवा तिथंच असतो. कॅफिनचा अंमल ओसरला की साचलेला निरोप एकदम आत शिरतो.

कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. आपल्यासारख्यांना दुपारनंतरचा कप टाळता येईल. रात्री ट्रक लागला की मोळ्या भरायला उठणाऱ्या माणसाला हा सल्ला देऊन उपयोग नाही. त्याला सलग सहा-सात तास झोप मिळेल अशी पाळी लावणं, हे काम मुकादमाचं आणि कारखान्याचं आहे.