कानाला खाच असलेला कुत्रा

अहिल्यानगरच्या सावेडीत किंवा केडगावात एका कानाचे टोक कापलेला कुत्रा दिसला, की कोणीतरी क्रूरपणा केला असे अनेकांना वाटते. ती खरे तर नसबंदी (पिल्ले होऊ नयेत म्हणून केलेली शस्त्रक्रिया) झाल्याची खूण असते आणि भुलीखालीच केली जाते. पोलिओचा डोस दिल्यावर बाळाच्या करंगळीला शाई लावतात, तसेच हे. शाई पुसली जाते, खाच जन्मभर राहते. त्यामुळे तोच कुत्रा पुन्हा शस्त्रक्रियेला नेला जात नाही.

यापुढचा प्रश्न हमखास येतो: नेला होता, तर परत इथेच का सोडला? कारण निवारा केंद्र हे बहुतेक कुत्र्यांचे कायमचे घर नसते. तिथे नसबंदी होते, रेबीजची लस टोचतात, टाके भरेपर्यंत काळजी घेतात आणि २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ जागी सोडतात. गल्ली रिकामी केली तरी कोपऱ्यावरचे खरकटे तिथेच असते. त्यावर लस न टोचलेली नवी कुत्री येतात. जुना कुत्रा आपली हद्द राखतो, त्यांना सहसा टिकू देत नाही. पिसाळलेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडत नाहीत. शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातल्या कुत्र्यांनाही परत तिथे सोडू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश आहे.

खाच असलेला कुत्रा चावणारच नाही, असे नाही. चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.