उपचारात्मक वाचन
वाचनात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांच्या उणिवा शोधून त्या दूर करण्यासाठी शाळेत राबविण्यात येणारी अध्यापनयोजना. प्रथम प्रत्येक मुलाकडून अक्षरे, शब्द, परिच्छेद व गोष्ट वाचवून घेतात आणि इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट पाडतात. गटास रोज ठराविक तासिका देऊन काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतात व प्रगतीनुसार गट बदलतात; अन्यथा गट हाच मुलावरील कायमचा शिक्का ठरतो. महाराष्ट्रात ‘प्रथम’ या संस्थेने व २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासकीय कार्यक्रमाने पायाभूत वाचनावर भर दिला. मुदखेड व नांदेड जिल्ह्याच्या इतर भागांत काही मुलांची घरची भाषा बंजारा, तेलुगू वा उर्दू असते. तेथे वाचनातील उणीव आणि मराठीचा अपरिचय यांत भेद करणे अगत्याचे असते. अपरिचित शब्दांचा अर्थ आधी बोलण्यातून रुजविल्यासच वाचन साधते.